टोकाच्या घरातली आत्या आणि समितीचे ओठ

आमच्या गिरणीच्या मोठ्या मालकांना मजुरांची फार काळजी. गिरणी उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ त्यांनी मजुरांसाठी अख्खं गावच बांधून काढलं, तेही गिरणीच्या इतकं लगत की उशीर झाल्याची सबब कुणाला सांगता येऊ नये. चौदा गल्ल्या. प्रत्येक गल्लीत दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेली दगडी घरं, खाली एक खोली, वर दीड. त्या अर्ध्या खोलीत काय करायचं हे मालकांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. आमच्या घरी त्यात आजी, दोन काका आणि एक शिवणयंत्र राहत होतं. गल्ल्यांना मालकांनी आपल्या मुलांची नावं दिली. मुलं अकराच होती, म्हणून उरलेल्या तीन गल्ल्यांना घोड्यांची दिली. आम्ही घोड्याच्या गल्लीतले.

प्रत्येक ओळीच्या टोकाला एक घर मात्र तिमजली असायचं. ते मुकादमाचं. त्याच्या वरच्या मजल्याला रस्त्यावर पुढं आलेली काचेची मोठी खिडकी होती. तिच्यात बसलं की गल्लीतलं दार न् दार दिसायचं. कुणाच्या पायरीवर कचरा आहे, कुणाच्या घरी बाटली येते, आजारी म्हणून घरी राहिलेला माणूस मागच्या अंगणात लाकडं फोडतोय का, हे सगळं बघायची सोय. मालकांच्या गौरवग्रंथात या खिडकीला 'हवेशीर' असा शब्द वापरलाय.

माझी आत्या पंधराव्या वर्षी मागखात्यात लागली. एका छपराखाली दोनशे माग, आणि प्रत्येक मागावर सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडं आपटत जाणारा. पहिल्या दिवशी तिला वाटलं इमारत पडतेय. दुपारपर्यंत पडली नाही, तेव्हा तिनं त्याचा विचार सोडून दिला. त्या आवाजात कानाशी तोंड लावून ओरडलं तरी काही कळायचं नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज काढायच्याच नाहीत. नुसते ओठ हलवायच्या, जरा मोठे, जरा सावकाश. चाळीस पावलांवरच्या बाईला सासूची अख्खी कहाणी सांगून व्हायची आणि मध्ये उभ्या असलेल्या मुकादमाला वाटायचं, बायका घास चघळतायत.

या बोलण्याचा एक कायदा होता. खाजगी असेल तर तोंडावर हात धरायचा. हात दिसला की बाकीच्यांनी नजर वळवायची. हात नसेल तर ते बोलणं सगळ्या खात्याचं. कचेरीतल्या साहेबलोकांना हा कायदा कुणी सांगितला नव्हता. ते दाराशी उभे राहून बिनधास्त बोलायचे, की पुढच्या आठवड्यात मागची ओळ बंद ठेवायची, अमुकला काढायचं, तमुकला समज द्यायची. आवाजात कुणाला काय कळतंय, अशी त्यांची समजूत. संध्याकाळच्या आत ते गावभर झालेलं असायचं आणि मग साहेब आठवडाभर फितूर शोधत बसायचे.

आत्याचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट आमच्यात अजून सांगतात. मुलगा गिरणीच्याच सामानखात्यात होता. सरळ, निर्व्यसनी आणि भरघोस मिशीचा. त्या मिशीचा त्याच्या वडिलांना फार अभिमान. दोन्हीकडची माणसं बसली, बोलणी झाली, आणि शेवटी कुणीतरी उपचार म्हणून विचारलं, मुलीला काही बोलायचंय का?

आत्या म्हणाली, "मिशी काढावी लागेल."

आजोबा म्हणाले, "अगं, हे काय बोलणं झालं?"

"मला त्यांचा वरचा ओठ दिसत नाही. मघापासून ते काहीतरी बोलतायत आणि मला निम्मंच कळतंय. जन्मभर निम्मंच कळून कसं चालेल?"

बहुतेक संसार निम्मं कळल्यामुळंच टिकतात, हे तिला सांगायची छाती त्या खोलीतल्या एकाही अनुभवी माणसाला झाली नाही. मुलानं दुसऱ्या दिवशी मिशी उतरवली. त्याच्या वडिलांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. मी आतोबांना पाहिलं ते उतारवयात. बायकोशी काही बोलायचं असलं की ते आधी खुर्ची उचलून उजेडाकडं तोंड होईल अशी ठेवायचे आणि मग बोलायला लागायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळं आत्याच्या वाटणीची रागवारागवी सगळी माझ्या वाट्याला आली.

आत्याच्या नोकरीला एकोणतीस वर्षं झाली आणि गिरणी बंद पडली. निरोपादाखल व्यवस्थापनानं आत्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दर तासाला ठोके देतं, असं शेजारचे सांगतात. तिला ते कधी ऐकू आले नाहीत. कानांचं जे व्हायचं ते मागावरच होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, ते तिनं चार दिवस लावून खणात टाकलं.

"यात भांड्यांचं येतं, गाड्यांचं येतं, कुत्र्याचं येतं," ती म्हणाली. "माणसाचं तेवढं येत नाही."

गिरणीनं घरं विकायला काढली तेव्हा टोकाचं तिमजली घर कुणालाच नको होतं. जिने फार, थंडी फार आणि मुकादमाची आठवण त्याहून फार. ते आतोबांनी घेतलं. तीन वर्षांनी आतोबा गेले, आणि आत्या काचेच्या खिडकीत बसायला लागली. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची आणि सगळी गल्ली तिच्याशी ओरडून बोलायची. ओरडताना माणसाचे ओठ वेडेवाकडे होतात, त्यामुळं तिला काही कळायचं नाही, त्यामुळं लोक आणखी ओरडायचे. ती ठार बहिरी आहे असं गल्लीनं ठरवून टाकलं. तिनंही कधी खोडून काढलं नाही. खिडकीत बसून ती गल्लीतली लग्नं जुळताना पाही, मोडताना पाही, कोण कुणाला काय म्हणालं ते वाची आणि बटाटे सोलत राही. खालच्या माणसांना तोंडावर हात धरायचं कुणी शिकवलं नव्हतं, हा काही तिचा दोष नव्हता.

मग वारसा समिती आली.

गिरणी चालू असताना गल्लीतलं गटार तुंबलं तर माणूस यायला महिना लागायचा. गल्ली ऐतिहासिक ठरल्यावर आठवड्याला सात माणसं यायला लागली. गटार तुंबलेलंच होतं. त्याचेही फोटो निघाले. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते, गळ्यात मफलर, आणि 'वारसा' हा शब्द उच्चारताना डोळे मिटायची सवय. त्यांच्याबरोबर एक तरुण आर्किटेक्ट बाई असायच्या, काखेत गुंडाळ्या. आम्ही त्यांना नकाशेबाई म्हणायचो. त्या भिंतींवर टकटक करून कान लावायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. दोघंही माणसं मोठी सभ्य. घरात आली की आधी छताकडं बघून "वा" म्हणायची, मग आमच्याकडं बघायची.

दाराचा रंग बदलायचा नाही, खिडकीची चौकट बदलायची नाही, छपराचा पत्थर बदलायचा तर त्याच खाणीतला आणायचा, असे नियम आले. खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. आत्याच्या छपरातून दोन ठिकाणी गळायचं. आता ते वारसा म्हणून गळायला लागलं.

वर्षभरानं कागद आला. आमच्या बाजूच्या नऊ घरांची संपूर्ण दुरुस्ती समिती करणार होती, आणि प्रत्येक घरात आत, वरच्या अर्ध्या खोलीत, न्हाणीघर आणि संडास. रहिवाशांनी फक्त 'तात्पुरत्या स्थलांतराच्या' कागदावर सही करायची आणि सहा महिने दुसरीकडं राहायचं. गल्लीत आनंदीआनंद झाला. आमच्याकडं संडास मागच्या अंगणात, ओळीनं. पाचव्या घरात राहणाऱ्या फिटरकाकांच्या बायकोचे गुडघे गेलेले. तिला दिवसातून चार वेळा त्या अंगणात नेणं-आणणं हेच काकांचं निवृत्तीनंतरचं काम होतं. ते तर कागद न वाचता सही करायला निघाले होते, पेन सापडेना म्हणून राहिले.

लग्नानंतर मी गल्ली सोडून शहरात राहायला गेलो होतो. रविवारी नेहमीसारखा आत्याकडं गेलो, तेव्हा तिनं कॅलेंडरचं एक पान माझ्यापुढं ठेवलं. त्याच्या मागच्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मंगळवारी अध्यक्ष आणि नकाशेबाई समोरच्या फुटपाथवर उभं राहून बोलले होते, ते.

अध्यक्ष: एकदा बाहेर पडले की परत कोण येतंय? वयं बघा यांची.

बाई: पण परत आले तर? इथं पर्यटक पाहुण्यांच्या खोल्या पुढच्या वर्षी उघडायच्यात.

अध्यक्ष: परत येण्याबद्दल कागदात एक अक्षर नाही. कुणी विचारणारही नाही. न्हाणीघराचं सांगत राहा.

बाई: टोकाच्या घरातल्या आजी?

अध्यक्ष: त्यांना ठार ऐकू येत नाही. सही कुठं करायची तिथं बोट ठेवा, बास.

मी ते दोनदा वाचलं. "हे तू ऐकलंस?"

"ऐकीन कशी? वाचलं."

"आत्या, मी पाणीखात्यात नोकरी करतो. कागदावर नसलेलं काही कुठं चालत नाही."

"कागदावरच तर लिहिलंय की."

मला तिचं खरं वाटलं होतं, हे इथं कबूल करतो. पण सरकारी नोकरीत एखादी गोष्ट खरी वाटणं आणि तिच्याबद्दल काही करणं यांच्यात बरंच अंतर ठेवायची सवय लागते. मी म्हणालो, बघू. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती. 'बघू' हा शब्द वाचायला फार सोपा असतो.

ती स्वतःच उठली आणि मला घेऊन फिटरकाकांकडं गेली. काकांनी पान वाचलं, बायकोकडं पाहिलं, आणि फार हळुवारपणे ओरडले, "वहिनी, रस्त्याच्या पलीकडून? तुम्हाला शेजारी बसून सांगितलेलं कळत नाही."

"तुम्ही ओरडता म्हणून कळत नाही."

"काय?"

"ओरडू नका म्हटलं."

"मी ओरडत नाही," काका ओरडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "एकटी राहते ना. माणसाला भास होतात. तू जरा जास्त येत जा रे."

ते हळू बोलले होते, म्हणून आत्याला नेमकं तेवढंच स्वच्छ कळलं. काकू पलंगावर गुडघ्यांवर चादर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, मला ते न्हाणीघर हवंय हो. दुसरं काही नको." आत्यानं त्यांचा हात धरला आणि मग घरी आली. जिना चढताना मला म्हणाली, "तिचं काही चुकत नाही. पण मला वेडी म्हणाले ते लागलं."

सह्यांची सभा गिरणीच्या जुन्या शाळेत होती. नऊ घरं आणि बाकी गल्लीतले बघे, मिळून साठ-सत्तर माणसं. व्यासपीठावर अध्यक्ष, नकाशेबाई आणि समितीचे आणखी दोघं. आम्ही लवकर गेलो. आत्या पहिल्या ओळीत मधोमध बसली, व्यासपीठाकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि मला म्हणाली, "तो वरचा दिवा लाव. मला त्यांची तोंडं काळी दिसतायत." मी दिवा लावला. अध्यक्षांना वाटलं त्यांच्या सन्मानार्थ लावलाय, त्यांनी मान झुकवली.

भाषण झालं. डोळे अकरा वेळा मिटले, मी मोजले. भाषण संपल्यावर त्यांनी वाकून आत्याला मोठ्यानं विचारलं, "आजी, ऐकू आलं ना?" आत्यानं मान हलवली. मग चहा फिरला, टेबलावर नऊ कागद आणि नऊ नवी पेनं मांडली गेली, आणि व्यासपीठावरची मंडळी आपापसात कुजबुजायला लागली.

आत्या उठून उभी राहिली आणि सभेकडं पाठ तशीच ठेवून बोलायला लागली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तिचा आवाज फार मोठा आणि सपाट आहे, स्टेशनवर गाड्या सांगतात तसा.

"अध्यक्ष म्हणतायत, 'हा चहा कुणी केलाय?' शेवटचे गृहस्थ म्हणतायत, 'पिऊ नका, नुसता धरून बसा.'"

लोक हसले. आपल्याच कुजबुजीत असलेल्या व्यासपीठावरच्यांना शब्द कळले नाहीत, कुणीतरी गंमत करतंय एवढंच वाटलं. त्यांनी सभेकडं पाहून स्मित केलं आणि पुन्हा कुजबुज सुरू केली.

"बाई म्हणतायत, 'परतीची तारीख विचारली तर?' अध्यक्ष म्हणतायत, 'काम संपल्यावर, असं म्हणा. तारीख देऊ नका.' बाई म्हणतायत, 'हे मला बरोबर वाटत नाही.' अध्यक्ष म्हणतायत, 'ते नंतर बोलू, आधी सह्या.'"

हसणं थांबलं. अध्यक्षांनी शेजारच्या गृहस्थांकडं मान वळवली.

"अध्यक्ष म्हणतायत, 'हे काय चाललंय, या बाईंना कुणीतरी खाली बसवा,'" आत्यानं सांगितलं.

तेव्हा काय चाललंय ते अध्यक्षांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चटकन तोंडावर हात धरला. सभेतल्या बाकीच्यांना तो नुसता हात दिसला. पण मागच्या ओळीत जुन्या मागवाल्या सात बायका बसल्या होत्या, आणि त्या सातहीजणींनी एकदम नजर खाली घातली. इतक्या वर्षांनीही कायदा तो कायदा. मग त्यांच्यातली एक उठली. ती समोरच्या घरातली कांडीवाली काकू. मोरीच्या पाण्यावरून आत्याशी तिचा सहा वर्षं अबोला होता.

"मी पण तेच वाचलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मोठी माणसं आहेत, सभ्यपणानं गप्प बसावं."

"मग आता का बोलताय?" समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"आता त्यांनी हात धरला ना. त्याच्या आधीचं सगळं उघडंच होतं."

फिटरकाका जागेवरून उठले. कागद त्यांच्या हातात होता, पेन त्यांनी स्वतःचं आणलं होतं. त्यांनी फार नम्रपणे विचारलं, "साहेब, आम्ही परत यायची तारीख कोणती?"

अध्यक्षांनी हात खाली घेतला. "अर्थातच काम संपल्यावर," ते म्हणाले.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या, शाळा रिकामी झाली. सही एकही झाली नाही. समितीची नऊच्या नऊ पेनं मात्र गेली.

आत्याचा त्यानंतर गल्लीत मोठा सत्कार झाला असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी गल्लीत राहून बघावं. पंधरा दिवस लोक तिला मानानं वागवत होते. मग अंगणातल्या संडासाचं दार निखळलं आणि लोकांना आठवलं की न्हाणीघरं आत्यामुळं गेली. शिवाय टोकाच्या खिडकीतून गेली कित्येक वर्षं काय काय वाचलं गेलं असेल, याचा एकेकजण हिशोब करायला लागला. गल्लीतून जाताना नवरा-बायको तोंडावर रुमाल धरून भांडायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, अख्ख्या गल्लीचे दात एकदम दुखायला लागलेत. आत्या म्हणाली, "चला, शिकले एकदाचे."

फिटरकाका मात्र तिच्याकडं आले. दारात उभे राहिले आणि मुळीच न ओरडता म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं." आत्या म्हणाली, "बसा." काकूंना अंगणात न्यायच्या चार वेळांपैकी दुपारची एक वेळ त्या दिवसापासून आत्यानं घेतली.

नकाशेबाई एकदा एकट्याच आल्या. मी तिथंच होतो. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं कोण जाणे, त्या खिडकीपाशी उजेडात जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या. पाहुण्यांच्या खोल्या आता मॅनेजरच्या रिकाम्या बंगल्यात करायचं ठरतंय, अध्यक्ष बदलतायत, आणि नव्या कागदात परतीची तारीख घालावी म्हणून त्या भांडतायत, असं त्यांनी सांगितलं. त्या गेल्यावर मी आत्याला विचारलं, खरं बोलत होत्या का?

"हो. खोटं बोलताना माणूस ओठ कमी हलवतो. तू 'बघू' म्हणालास ना, तसा."

नवा कागद यायला चौदा महिने लागले. त्यात तारीख होती. आत्यानं तो तीन वेळा वाचला, 'शक्यतो' हा एक शब्द माझ्याकडून खोडून घेतला, तिथं समितीची सही मागवली आणि मग आपली केली. तिची झाल्यावर बाकीच्या आठ झाल्या.

सहा महिने ती माझ्याकडं राहिली. माझ्या बायकोला पहिल्या आठवड्यातच अंदाज आला. मला काही ऐकवायचं असलं की ती शेगडीकडं तोंड करून, पाठमोरी बोलायची. आत्या मला म्हणाली, "तुझी बायको भली आहे रे. माझ्या तोंडावर कधी वाईट बोलत नाही." हे ती कोणत्या अर्थानं म्हणाली ते मी विचारलं नाही.

नऊच्या नऊ घरं ठरल्या तारखेला परत आली. फक्त फिटरकाकू आल्या नाहीत. त्या चौथ्या महिन्यात, मुलीच्या घरी, झोपेतच गेल्या. न्हाणीघर झालं होतं. भिंतीला, बसता-उठताना धरायला, कठडा लावलेला होता. काकांनी तो आधीच सांगून लावून घेतला होता. नव्या अध्यक्षांनी गल्लीच्या तोंडाशी पितळी पाटी लावली. तिच्यावर मोठ्या मालकांचं नाव आहे, त्यांच्या दूरदृष्टीबद्दल दोन ओळी आहेत, आणि समितीच्या सगळ्या सदस्यांची नावं आहेत, जुन्या अध्यक्षांचं धरून.

परत आल्याच्या संध्याकाळी आत्या आपलं सामान तसंच टाकून फिटरकाकांकडं गेली. काका भिंतीकडं तोंड करून बसले होते. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर, दिव्याखाली बसली. मग काका बोलायला लागले. काय बोलले मला माहीत नाही. मी तेव्हा आत्याच्या न्हाणीघरात नवा नळ बघत होतो. तो पहिल्याच दिवशी गळत होता.